चार-दहाची गाडी

१

होटगी सोडली की गदगकडे जाणारी छोटी लाइन मोठ्या लाइनीपासून फुटते. त्या फाट्यापासून मैलभर पुढे, रुळांकडे पाठ करून आमचं घर होतं. दोन खोल्या, पुढे अंगण, मागे पत्र्याची पडवी. पडवीतून उतरलं की चार पावलांवर घायपाताचं कुंपण, त्यापलीकडे खडी, आणि खडीवर रूळ.

माझे सासरे सांगायचे, ही लाइन पडली तेव्हा त्यांच्या आजाने इथे मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. सासऱ्यांचं नाव रावजी, पण सगळे त्यांना आप्पाच म्हणत. चौतीस वर्षं ते वाफेच्या इंजिनावर होते, आधी भट्टीत कोळसा मारणारे फायरमन, मग ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत त्यांची नजर गेली. डॉक्टर काहीही म्हणोत, आप्पांचं म्हणणं एकच, "भट्टीनं खाल्लं डोळं." गावाकडे त्यांचा जीव रमेना. गाडी ऐकू येईल अशी जागा पाहिजे, म्हणून त्यांनी हे घर बांधलं.

मी दुधनीची. वडील प्राथमिक शिक्षक, आणि मीही होटगीच्या शाळेत मास्तरीण. लग्नाला अडीच वर्षं झाली होती. नवरा जोतीराम, आप्पांच्याच लाइनीवर फायरमन. तोंडाने मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. इथे लिहिते, कारण नुसतं 'हे' म्हटलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कोणी बघत नसे. दुपारची पॅसेंजर सोलापूरला परत जाताना चार वाजून दहा मिनिटांनी घरामागून जायची. त्याआधी मला दोरीवरचे कपडे काढावे लागत. नाहीतर धुरातले काळे कण धुतलेल्या धोतरावर बसत आणि बोट लावलं की पसरत. कपडे घरात आले की रूळ बारीक गुणगुणू लागत, मग फळीवरच्या कपबश्या वाजत, मग सगळं घर धुरात आणि आवाजात बुडून जाई. पडवीतल्या बाजेवर आप्पा मान तिरकी करून ऐकत. "आज ड्रायव्हर नवा हाय," ते सांगत. किंवा, "डाव्या अंगाला वाफ गळतीया." जोतीराम इंजिनावर असले तर भट्टीचं दार उघडताना त्या लाल उजेडात त्यांची वाकलेली पाठ मला क्षणभर दिसायची. गाडी गेली की चहा.

असा आमचा दिवस होता. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

२

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. संप सुरू व्हायच्या आधीच धरपकड लागली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी जोतीराम घाईघाईने घरी आले. पिशवीत दोन शर्ट कोंबले. बाहेर रस्त्यावर संगप्पा सायकल धरून उभा होता. तोही फायरमन, होटगीचा, यांचा जिवाभावाचा जोडीदार.

"कुटं निघालास?" आप्पांनी विचारलं.

"ते इचारू नका, आप्पा. तुमाला म्हाईत नसलेलं बरं."

"आन इंजिनं?"

"थंड पडू द्यात. संप मिटंपतूर म्या फावड्याला हात लावणार न्हाय."

मला एवढंच म्हणाले, "आप्पांकडं बघ. चिठ्ठी न्हाय आली तर घाबरू नको."

दुसऱ्या दिवशी चार-दहाला काहीच गेलं नाही. मोठ्या लाइनीवर पहाऱ्यात एखादी गाडी हलते, असं लोक सांगत, पण छोटी लाइन पार मेली होती. अडीच वर्षांत मी अशी शांतता ऐकली नव्हती. दूर कोणी खाकरलं तरी वाटे, अंगणातच आहे. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे मी दिवसभर घरात. कान सारखा पुढच्या दाराकडे, पोलिसांची जीप येते का म्हणून.

तीन दिवसांत रुळांची चकाकी गेली. वरच्या अंगावर विटकरी गंज चढला. शेजारच्या गौरम्माच्या शेळ्या आता खुशाल लाइनीत शिरून खडीतलं गवत खात. गौरम्मा विधवा बाई, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एकटीच राहायची; मला कानडी चालीनं 'अव्वा' म्हणायची.

३

चौथ्या दिवशी मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. आप्पा बाजेवर पडले होते. एकाएकी ते उठून बसले.

"आज दहा मिनिटं उशीर झाला," ते म्हणाले.

"कशाला?"

"गाडीला. आत्ता गेली न्हवं?"

मी सुपातून मान वर केली. समोर रूळ रिकामे होते. त्यावर गौरम्माची काळी शेळी उभी होती.

"आप्पा, संप आहे. गाड्या बंद आहेत."

त्यांनी चेहरा रुळांकडे वळवला. मग म्हणाले, "व्हय की. इसरलो." आणि मग, "च्या ठेव."

चहा करताना मी स्वतःला समजावलं. चौतीस वर्षं एकच आवाज ऐकलेला कान. सवय अशी चार दिवसांत थोडीच जाते? मुलांना शाळा सुटल्यावरही घंटा ऐकू येते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. पण चार-दहाला त्यांची मान तिरकी झाली आणि उजवीकडून डावीकडे सावकाश फिरली. मग त्यांनी चहा मागितला. मला त्यांच्या ऐकण्याची भीती वाटली नाही. त्यांनी ते माझ्यापासून लपवलं, हे मला आवडलं नाही.

४

गाडी नाही म्हटल्यावर मी कपडे काढायची घाई करत नव्हते. उन्हं कलेपर्यंत ते दोरीवरच असत. त्या संध्याकाळी आप्पांचं धोतर घडी घालायला घेतलं आणि माझा हात थांबला. पांढऱ्या कापडावर काळे कण होते. बोट लावलं. ते पसरले.

पहिला विचार जवळच्या वीटभट्टीचा आला. मी गौरम्माकडे गेले.

"भट्टी कुटली, अव्वा?" ती म्हणाली. "पाणी न्हाय म्हणून दोन महिनं झालं बंद हाय की."

"मग तुमची चूल?"

"माझी चूल सकाळी पेटते, एकदाच. काय झालं?"

मी तशीच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी मी ते धोतर पुन्हा धुतलं, झटकून वाळत घातलं, चारला पाच कमी असताना नीट तपासलं. स्वच्छ होतं. मग मनगटी घड्याळ घेऊन कुंपणापाशी उभी राहिले. तिथे लाइन सरळ आहे, दोन्हीकडे अर्धा मैल दिसते. उन्हाने रुळांवरची हवा थरथरत होती. चार-दहा झाले. काही आलं नाही. काही ऐकू आलं नाही. इतकं काहीच ऐकू येईना की मला माझ्याच कानांची शंका आली. झाडावरचा होला घुमत होता तो गप्प झाला होता.

गौरम्माची काळी शेळी रुळांपासून दूर, बाभळीला बांधलेली होती. तिने चरायचं थांबवून मान वर केली. ती उजवीकडे पाहत होती. मग तिची मान हळूहळू वळू लागली. लाइनीवरून काहीतरी लांबलचक जात असावं आणि ती शेवटच्या डब्यापर्यंत ते बघत असावी, तशी ती मान वळत वळत पार डावीकडे गेली. मग तिने डोकं खाली घातलं आणि चरू लागली.

मी मागे वळले. धोतरावर काळे कण होते.

कुंपण ओलांडून मी रुळाला हात लावला. वरचा गंज तसाच होता, माझ्या बोटाला लागला. रूळ भाजत होता. पण मे महिना होता; सोलापूरकडच्या उन्हात कोणतं लोखंड भाजत नाही?

५

मी आप्पांना सांगितलं. ते हसतील, निदान मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "कण मोठं हाईत का बारीक?"

"मोठे आहेत."

"मग आग नीट जळंना. कोळसा लई मारतोय आन हवा पुरंना. घाबरलेला माणूस आसंच करतो."

"कोण माणूस, आप्पा?"

तीन दिवसांनी चार-दहा होऊन गेले तरी त्यांनी चहा मागितला नाही. मी जवळ जाऊन पाहिलं तर ते बाजेची पट्टी दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"पोरी," ते म्हणाले, "फायरमनचा हात ऐकून कळतो. परत्येकाचा येगळा. तीन फावडी मारायची, दम घ्यायचा, मग दोन मारायची आन दार लावायचं. ही पद्धत ह्या लाइनीवर दोघांचीच. एक माझी."

"आणि दुसरी?"

"म्या ज्याला शिकवलं त्याची. जोतीचा हात हाय त्यो."

संप सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. चिठ्ठी नाही, निरोप नाही. लोक बोलत होते, कुणाला मारलं, कुणाला कुठल्या तुरुंगात नेलं. जी गाडीच नाही, तिच्यावर जिवंत माणूस कसा असेल? मग जो असेल तो... पुढचा विचार मी मनात पुरा होऊ दिला नाही.

६

सकाळी उठल्याबरोबर मी होटगीला गेले, संगप्पाच्या घरी. त्याची बायको सुंदरम्मा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. माझा चेहरा बघून तिने हातातलं पीठ तसंच ठेवलं.

"काय झालं ताई? पोलीस आले?"

"नाही. ते दोघं... काही कळलं का?"

"बरे हाईत की! इंडीकडं आमच्या मामाच्या शेतात हाईत, वस्तीवर. परवाच भाकरी घेऊन गेले होते मी. माझ्या डोळ्यानं बघितलं."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने मला तांब्याभर पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या मालकांना फिट-बिट येते का?"

"नाही. का?"

"दुपारी चारच्या सुमाराला बसल्या जागी झोपतात. बोलता बोलता. पयल्यांदा दहा मिनिटं झोपले, म्हटलं दमले असतील. मग अर्धा तास. परवा मी होते, तर दिवेलागणीपर्यंत उठले न्हाईत. आमच्या मालकांनी तोंडावर पाणी मारलं, हलवलं, एक थोबाडीत पण दिली. डोळं उघडंनात. आन उठले की..."

"उठले की काय?"

तिने आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे उलटे-सुलटे केले. "हात काळे. कोळशात घातल्यागत. शेतात कोळसा कुटला, ताई?"

मी म्हटलं, तव्याची काजळी असेल, चुलीतलं लाकूड असेल. माझाच आवाज मला वर्गात धडा वाचल्यासारखा वाटला. मला तिकडे घेऊन चल, असं मी तिला विनवलं. ती नाही म्हणाली. कालपासून रेल्वेवाल्यांच्या बायकांवर पोलिसांची नजर होती. दोघी निघालो असतो तर दोघंही सापडले असते. तिचं बरोबर होतं.

घरी येऊन मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"रोज लांब जातीया," ते म्हणाले.

"कोण?"

"गाडी. पयल्या दिशी नाल्यापतूर आवाज आला आन इरला. आता किती तरी येळ ऐकू येतो. उद्या त्याच्याम्होरं जाईल. आन एक दिवस लई लांब जाईल, मग त्यो उठणार न्हाय."

"मग काय करायचं?"

आप्पांनी हनुवटीवरून हात फिरवला. "ड्यूटी बदलायची," ते म्हणाले. "माजी पेटी उघड. बूट काढ."

७

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. अर्धी भाकरी खाल्ली. बूट चढवले. पेटीतला खाकी कोट अंगाला सैल झाला होता, तरी सगळी बटणं लावली. डोक्याला फडकं बांधलं. चारला मला म्हणाले, "चल. खडीपतूर सोड आन कुंपणाआत परत जा."

"आप्पा, तिथे काही नाहीये."

"मग भ्यायचं काय कारण हाय?"

मी त्यांचा हात धरून त्यांना खडीवर उभं केलं. आत परत गेले, पण पाठ फिरवली नाही.

घड्याळात चार-दहा झाले. होला गप्प झाला. आप्पांनी उजवा हात वर केला, स्टेशनवर गाडीला करतात तसा, आणि मोठ्याने म्हणाले, "थांबीव!"

काही वेळ ते नुसते उभे राहिले. मग मान वर करून, उंचावर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागले.

"नाव रावजी. चौतीस वर्षं ह्याच लाइनीवर." मग ऐकल्यासारखे थांबले. "ते म्हाईत हाय मला. पोराला उतरू दे." पुन्हा थांबले, या वेळी जास्त. मग मान हलवली. "व्हय. व्हय, कबूल हाय."

काय कबूल केलं, ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"जोती, उतर. फावडं हिकडं दे. उतर म्हंतो न्हवं!"

त्यांची बोटं कशावर तरी मिटली. त्याच वेळी माझ्या तोंडावर धग आली, भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी, आणि रुळांवरच्या थरथरत्या हवेत एक लाल चौकोन उघडला. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच. त्यात वाकलेली पाठ होती. घामाने भिजलेली बंडी, उजव्या खांद्यावर फाटलेली. ती मी निळ्या दोऱ्याने शिवली होती, पांढरा संपला होता म्हणून. दोरा मला दिसला.

मग समोर फक्त रूळ होते. आप्पा खडीवर सावकाश खाली बसले आणि आडवे झाले.

मी ओरडले तेव्हा गौरम्मा धावत आली. आम्ही दोघींनी त्यांना उचलून पडवीत आणलं. श्वास चालू होता. हाक मारली तर उत्तर नव्हतं.

८

होटगीहून डॉक्टर आले. म्हातारपण आणि ऊन, मेंदूला झटका आलाय, म्हणाले. हलवू नका.

पहाट होता होता मागच्या दाराची कडी वाजली. जोतीराम होते. पायांत वहाणा नव्हत्या. रात्रभर लाइन धरून चालत आले होते. मला कशी आहेस विचारलं नाही, पाणी मागितलं नाही.

"आप्पा कुटं हाईत?"

मी बाजेकडे बोट केलं. ते बाजेपाशी गुडघ्यांवर बसले. मग म्हणाले, "काल मला आप्पांनी उठवलं."

पोलिसांचा ससेमिरा होताच, त्यामुळे आम्ही दार-खिडक्या लावून घेतल्या आणि आप्पांची बाज आतल्या खोलीत आणली. जोतीराम तिथेच लपून राहिले. चार-दहाची झोप त्यांना पुन्हा आली नाही. आप्पांचं उलटं होतं. दिवसभर ते लाकडासारखे पडून असत, आणि चार-दहाला त्यांचे दंड ताठत, कपाळावर घाम फुटे. तासा-दोन तासांनी अंग सैल पडे, तेव्हा त्यांचे तळवे काळे झालेले असत. मी परातीत पाणी घेऊन ते धूत असे. पण दोरीवरचे कपडे त्या दिवसापासून स्वच्छ राहिले. एक कण पडला नाही. आप्पांची आग नीट जळत होती.

मला आजही वाटतं, आम्ही तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जाणून घेतल्याशिवाय मला राहवेना. चौथ्या दिवशी जेवताना मी विचारलं, "तिकडे काय होतं?"

"इचारू नको."

"आप्पा तिकडे आहेत. मला कळलं पाहिजे."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "डबं किती ते म्हाईत न्हाय. मागं बघू वाटत न्हाय. ड्रायव्हर म्होरं बघून असतो, तोंड फिरवत न्हाय. नुसतं इचारत राहतो."

"काय?"

"घरात आजून कोण हाय."

खोलीत आप्पांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"पयल्यांदा म्या बोललोच न्हाय," जोतीराम म्हणाले. "पण त्यो थांबत न्हाय ग. एकच सवाल, एकाच आवाजात. हात चालवायचं आन ऐकायचं. लई दमलो. मग सांगितलं. बाप हाय म्हनलं. जुना ड्रायव्हर हाय, लाइनीला लागूनच ऱ्हातो."

ते गुडघ्यांत डोकं घालून रडू लागले. माझंही नाव त्यांनी सांगितलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही ते आपणहून सांगितलं नाही.

९

त्या दुपारी चार-दहाला मी परात घेऊन बसले नाही. आप्पांच्या तोंडाजवळ कान नेला. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांचे ओठ नुसते थरथरतात. ते बोलत होते. श्वासापेक्षा जरा मोठा असा आवाज होता.

"न्हाय," ते म्हणत होते. मग थांबत. मग पुन्हा, "न्हाय. कोण न्हाय. घरात म्या एकलाच."

मी जोतीरामना खुणेने जवळ बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि आपल्या तोंडावर हात दाबून धरला. तेव्हापासून चार वाजले की आम्ही बोलणं बंद करत असू. चूल विझवत असू. भांडं हलवत नसू. बाजेच्या दोन बाजूंना दोघं बसून, अंग सैल पडेपर्यंत ते ऐकत असू. रोज तोच सवाल त्यांना विचारला जात असावा, आणि रोज तो म्हातारा एकच उत्तर देत होता. पोराने आठ दिवसांत जे सांगून टाकलं, ते बापाच्या तोंडून निघत नव्हतं.

जोतीरामना पुढे कामावर परत घेतलं. पण ते इंजिनावर चढले नाहीत. शेडातच हलकं काम मागून घेतलं, आणि आम्ही ते घर विकून सोलापुरात भाड्याच्या खोलीत गेलो. हे सगळं नंतरचं.

त्याआधी मेची सत्तावीस तारीख आली. संप मागे घेतल्याची बातमी लागली. उद्या-परवा गाड्या सुरू होणार होत्या. मला वेडी आशा वाटली की खरी गाडी रुळांवर आली की ही जाईल, आणि आप्पा चहा मागतील. जोतीरामनी त्या दिवशी वडिलांची दाढी केली.

चारला आम्ही आपापल्या जागी बसलो. आप्पांचे दंड ताठ झाले, पण जोर राहिला नव्हता. श्वास मध्येच अडकत होता. बराच वेळ ओठ हललेच नाहीत. मग एकदम, स्पष्ट, त्यांच्या नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "किती येळा सांगू? घरात कोण न्हाय."

त्यानंतर श्वास आला नाही. मी वाट पाहिली. जोतीरामनी त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. माझ्या गळ्यापर्यंत हंबरडा आला होता. जोतीरामनी माझ्याकडे पाहून मान हलवली: नको. घड्याळात चार पंचवीस झाले होते. रडलो असतो तर ऐकू गेलं असतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. ते भिंतीकडे तोंड करून बसले, त्यांचे खांदे हलत होते. असे आम्ही आप्पांच्या दोन बाजूंना बसून राहिलो. ऊन खिडकीच्या फटीतून भिंतीवर चढलं आणि गेलं.

अंधार पडता पडता दारावर थाप पडली.

"कोण हाय का घरात?" बाहेरून आवाज आला. बाईचा होता, गौरम्मासारखाच. "अव्वा? कोण हाय का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणीच ओ दिली नाही.